लिपाणे सरांचा बांध

“सर्व संबंधितांस या जाहीर सूचनेद्वारे कळविण्यात येते की, महाविद्यालयाच्या क्रीडांगणाच्या उत्तर बाजूस दीर्घकाळ पडून असलेले दगड लवकरच हलविण्यात येणार आहेत. तरी ज्यांचे दगड असतील त्यांनी ओळख पटवून आठ दिवसांच्या आत घेऊन जावेत. मुदतीनंतर दगड गहाळ झाल्यास महाविद्यालय जबाबदार राहणार नाही.”

वरील सूचना मी लिहिली. पूर्ण शुद्धीवर, सकाळी साडेअकराच्या सुमारास, पोटात शेवडे बाईंनी दिलेले दोन बेसनाचे लाडू असताना लिहिली. शेवडे बाई म्हणजे आमच्या कार्यालयाच्या मुख्य लिपिक. त्यांनी ती टाइप केली, मी सही केली, सहीखाली ‘अध्यक्ष, जिमखाना समिती’ असा गोल शिक्का उठवला आणि सूचना काचेच्या फलकात कुलूपबंद झाली. पुण्यात आजवर कसल्या कसल्या पाट्या लागल्या असतील, पण लोकांनी आपापले दगड उचलून न्यावेत असं लेखी कळवणारा पहिला मनुष्य म्हणून माझी नोंद झाली आहे. लोक अजून भेटले की विचारतात, “काय सर, आमचा दगड कसा आहे?”

या सूचनेमागे लिपाणे सर आहेत. ते नसते तर ते दगड मैदानातच राहिले असते, आमची मुलं त्यांवर घसरून पडली असती आणि मी निवृत्तीपर्यंत वनस्पतिशास्त्र शिकवत सुखात राहिलो असतो.

जिमखान्याचं अध्यक्षपद आमच्याकडे सेवाज्येष्ठतेनं मिळतं. म्हणजे जिना चढताना गुडघे बोलायला लागले की खेळांचा कारभार तुमच्याकडे. मी उभ्या आयुष्यात चेंडूला लाथ मारलेली नाही. पद मिळालं तेव्हा एप्रिल चालू होता. परीक्षा संपत आल्या होत्या. नव्या उत्साहात, नव्या चामडी बुटांत, हातात वही घेऊन मी सकाळी सात वाजता मैदान पाहायला गेलो. मैदानात पंधरा-वीस मुलंमुली एका ओळीत वाकून चालली होती. काहीतरी हरवलंय असं वाटून मी लगबगीनं आत शिरलो. चार पावलं टाकली असतील नसतील, तेवढ्यात मागून आवाज आला.

“अवो, बूट काढा. वावर हाय हे.”

वळून पाहिलं तर एक ठेंगणा, काळासावळा, डोक्याला पंचा गुंडाळलेला माणूस. पाय अनवाणी आणि इतके रुंद की त्या मापाचे बूट लक्ष्मी रोडवर कुणी ठेवत नसेल. गळ्यात काळा दोरा, दोऱ्यात एक शिट्टी आणि एक किल्ली. हे आमचे फुटबॉलचे प्रशिक्षक मारुती लिपाणे. मी माझं पद सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा माझ्या बुटांकडे पाहिलं. मी बूट काढले. डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, ते ओळीतल्या सगळ्यांनी पाहिलं. मग मी त्या ओळीत शिरलो, कारण अनवाणी उभा राहिलेल्या माणसाला दुसरं काही करता येत नाही. दहा मिनिटांत माझ्या पायाला एक टोकदार दगड लागला. तो उचलून मी फेकणार तोच लिपाणे सर ऑइलपेंटची डबी आणि बारका ब्रश घेऊन हजर.

“पैला हाय ना? नाव घाला, सर.”

मी दगडावर नाव आणि साल घातलं. त्यांनी तो हातात तोलून पाहिला, उत्तरेच्या गोलामागे असलेल्या ढिगाऱ्यावर नेऊन नीट बसवला आणि म्हणाले, “बरं.” पुढे मला कळलं की तो शब्द मिळवण्यासाठी मुलांना तीन तीन वर्षं खेळावं लागतं.

सरांचं गाव धायरी. धायरी हे गाव होतं तेव्हा लिपाण्यांचं तिथं वावर होतं. वडील पेरणीआधी सगळ्या पोरांना ओळीत लावून दगड वेचायला लावायचे आणि वेचलेला दगड बांधावर जायचा. बांध दर वर्षी दोन बोटं वाढायचा. पुढे शहर आलं आणि वावरावर सात मजली इमारत उभी राहिली. सर तिच्यात दुसऱ्या मजल्यावर राहतात. कुणी पत्ता विचारला तर सांगतात, “कांद्याच्या वाफ्याच्या वर दोन मजले.” वावर गेलं, पण मशागत काही त्यांच्या हातातून गेली नाही. तीस वर्षांपूर्वी ते आमच्या महाविद्यालयात आले, मैदान पाहिलं आणि त्यांचं पहिलं वाक्य म्हणे असं होतं, “दगड लई हायत.” आणि कामाला लागले.

बाकीच्या महाविद्यालयांत हंगाम संपला की मुलं सुट्टीवर जातात, किंवा पळणं, वजनं उचलणं वगैरे चालू होतं. आमच्याकडे मशागत सुरू व्हायची. शेवटचा सामना झाला की सर सगळे चेंडू खोलीत घालून कुलूप लावत. गळ्यातली किल्ली त्या कुलपाची. एप्रिल आणि मे चेंडू दिसायचा नाही. सकाळी सहाला ओळ लागायची. एका गोलापासून दुसऱ्या गोलापर्यंत दगड वेचायचे, मग पाणी मारायचं, मग तो जुना लोखंडी रोलर आठ जणांनी ओढायचा. या दोन महिन्यांत मैदानात बूट घालून कुणीही यायचं नाही. मुलगा असो, प्राचार्य असोत, विद्यापीठाचे पाहुणे असोत, सगळ्यांना ते एकच वाक्य. मोठ्यांना ‘काढा’, मुलांना ‘काढ’, एवढाच फरक. वेचलेला दगड उत्तरेच्या बांधावर. प्रत्येकाचा पहिला दगड नाव घालून. तीस वर्षांत बांध माणसाच्या छातीएवढा आणि चांगला चाळीस पावलं लांब झाला होता. सामन्याच्या दिवशी सगळे प्रेक्षक त्यावरच बसत. आमच्या महाविद्यालयाला दुसरी गॅलरी नाही.

या पद्धतीवर आक्षेप यायचेच. एकदा हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका वडिलांची ईमेल आली. तिचा सारांश असा, की मी मुलाला फुटबॉल खेळायला पाठवलं आहे, मजुरीला नाही. मी घाबरून ती छापून सरांना दिली. त्यांनी वाचली, घडी करून पंच्यात खोचली आणि त्या गृहस्थांना रविवारी चहाला बोलावलं. गृहस्थ आले. बूट काढायला लावलेच. मग सर त्यांच्याबरोबर एकही शब्द न बोलता मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. मधल्या वर्तुळाजवळ गृहस्थ “आई गं” करून थांबले. सरांनी वाकून त्यांच्या पायाखालचा खडा काढला, त्यांच्या हातावर ठेवला आणि सांगितलं की जूनमध्ये तुमचं पोरगं इथूनच पळणार आहे. पुढच्या रविवारी गृहस्थ आपणहून आले, त्याच्या पुढच्याही. त्यांच्या मुलाचं शिक्षण संपून चार वर्षं झाली, ते अजून येतात. मुलगा येत नाही.

शिट्टीबद्दल सांगायचं राहिलं. ती तीस वर्षं गळ्यात आहे आणि तिचा आवाज कसा आहे हे कुणाला माहीत नाही. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, “हाक मारली की येत्यात की.” त्यांची हाक अशी की स्वारगेटला डेपोतून बाहेर पडणाऱ्या एखाद्या ड्रायव्हरनं ती ऐकून ब्रेक लावला असेल. खेळाबद्दल बोलायचे फार थोडं. चेंडूकडे बघू नको, जमिनीकडे बघ, चेंडू काय, तो जमीन सांगेल तसा येतो, हे त्यांचं सगळं तंत्रशास्त्र. हरल्यावर रागावणं नाही. “ती जास्त बरी होती” म्हणायचं आणि चहाच्या गाडीकडे चालू पडायचं. चहा बशीतूनच.

आणखी एक गंमत. त्यांच्या बोलण्याची लागण व्हायची. कोथरूडहून, बाणेरहून इंग्रजी शाळांत वाढलेली मुलं यायची, घरी ‘मॉम’ म्हणणारी. दोन महिन्यांच्या मशागतीनंतर ती एकमेकांना “आरं, तिकडं हाय बघ” म्हणून चेंडू देऊ लागायची. एका आईनं मला काळजीनं विचारलं होतं की हे आपोआप जातं का. मी सांगितलं, “मैदानाबाहेर जातं, मैदानात पाय ठेवला की परत येतं.” हे मी गमतीत बोललो होतो. पुढे ते शब्दशः खरं ठरलं, त्याचं वर्णन शेवटी येईल.

त्यांच्या हाताखाली संघ दोनदा विद्यापीठात पहिला आला. दोन्ही करंडक कार्यालयात आहेत. एकात शेवडे बाई टाचण्या ठेवतात. पण गेली दोन वर्षं आम्ही पहिल्याच फेरीत बाहेर पडलो, आणि दुसऱ्या वर्षी तर असे, की सामना संपायच्या आत बांधावरचे प्रेक्षक चहाला गेले.

त्याच सुमारास संस्थेत नवे कार्यवाह आले. पंचेचाळिशीचे, परदेशात शिकून आलेले, आमच्याच महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी. त्यांना वाईट म्हणणं अन्याय होईल. त्यांनी आमच्या प्रयोगशाळेचं गळकं छप्पर दुरुस्त केलं, जे आधीच्या तिघांना जमलं नव्हतं. आवाज कधी चढत नाही. बोलणं इतकं मऊ की फाइल बंद झाली हे फाइलवाल्याला संध्याकाळी कळतं. तर मार्चअखेर त्यांचं पत्र आलं. लिपाणे सरांची नेमणूक दर वर्षी जूनमध्ये नव्यानं होते, यंदा ती आपोआप होणार नाही. सरांनी मेअखेर संघाचा विकास आराखडा द्यावा. जूनच्या मध्यात आढावा घेऊ. समाधान झालं नाही तर मैदान आणि संघ एका खाजगी अकादमीकडे सोपवू. ती अकादमी मैदानावर प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरेल आणि स्वतःचे प्रशिक्षक आणेल. निर्णय काहीही होवो, मापं घेण्यासाठी उत्तरेचा ढिगारा तेवढा आधी हटवावा.

म्हणजे एका उन्हाळ्यात सरांचं सगळंच पणाला लागलं. मला वाटलं, आता तरी चेंडू बाहेर निघेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गेलो. ओळ लागली होती आणि सर वाकून दगड वेचत होते.

आराखडा मी लिहून देतो म्हणालो. मला आराखड्यांची सवय आहे, वीस पानं लिहून काहीही न सांगणं मला जमतं. त्यांनी मान हलवली आणि दोन दिवसांनी वहीचा एक कागद आणून दिला. त्यावर सुवाच्य अक्षरात तीन ओळी होत्या. एप्रिल : दगड. मे : दगड, पाणी, रोलर. जून : चेंडू. खाली सही. शेवडे बाईंनी तो आवक नोंदवहीत चढवला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाल्या, “तीस वर्षांत या कार्यालयात आलेला हा पहिला खरा आराखडा.”

त्यात साहिलचं प्रकरण झालं. साहिल आमचा आघाडीचा खेळाडू. संघात एकच मुलगा असा होता की ज्याच्यासाठी लोक बांधावर जागा धरत. वाघोलीच्या एका मोठ्या महाविद्यालयानं त्याला बोलावलं. वसतिगृह, जेवण, बूट, फिजिओ, सगळं तिकडे. साहिलचे वडील मार्केटयार्डात हमाल, घर एका खोलीचं. मुलगा सरांना सांगायला घाबरत होता, म्हणून माझ्याकडे आला. मी त्याला सांगितलं की निदान जूनपर्यंत थांब, तू गेलास तर आढाव्यात सरांजवळ दाखवायला काही उरणार नाही. तो मान खाली घालून हो म्हणाला.

सरांना ते कळलं. मला वाटलं होतं आभार मानतील. ते माझ्यावर पहिल्यांदाच आणि शेवटचं रागावले. रागावले म्हणजे माझ्याकडे न बघता बोलले. पोराच्या गळ्यात माझी नोकरी कशापायी बांधता, असं काहीसं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी साहिलला स्कूटरवर मागे बसवून ते धायरीहून स्वारगेटमार्गे सगळं शहर ओलांडून उन्हात वाघोलीला गेले. तिथल्या प्रशिक्षकाच्या हाती त्याला सोपवलं आणि तासभर थांबून त्या परक्या माणसाला समजावून सांगितलं की याचा डावा पाय भित्रा आहे, ओरडलं की अजून भितो, हाक मारून सांगा. पुढच्या हंगामात ज्याच्याविरुद्ध खेळायचं त्यालाच आपल्या सर्वोत्तम खेळाडूची उणीव सांगून आलेला प्रशिक्षक मी दुसरा पाहिलेला नाही. परत आल्यावर मी म्हणालो, “सर, हातातला मोहरा देऊन आलात.”

बशीत चहा ओतत ते म्हणाले, “पोरगं आपलंच हाय. कॉलेज बदललं म्हणून पोरगं बदलतंय व्हय?”

मे महिन्यात एकदा मात्र मी त्यांना वेगळं पाहिलं. सकाळची ओळ सुटली होती, मुलं गेली होती. सर एकटेच बांधापाशी उकिडवे बसले होते. एकेक दगड उचलायचा, पंच्यानं पुसायचा, नाव वाचायचं, परत ठेवायचा. मी जवळ गेलो तरी त्यांना कळलं नाही. मग म्हणाले, “सर, हे कुठं नेऊन टाकतील?”

मी म्हणालो, भराव घालायला वगैरे नेत असावेत. स्वतःच्या नेमणुकीबद्दल त्यांनी मला एकदाही विचारलं नव्हतं. तो विषय निघाला की ते म्हणायचे, मी काय, वाफ्यात बसून राहीन. पण त्या सकाळी त्यांचा तो रुंद पाय मातीत नुसताच पुढे-मागे होत होता, जागा न सापडल्यासारखा. मी एक दगड पुसून दिला.

कार्यवाहांकडून स्मरणपत्र आलं : ढिगारा हटवण्याबाबत सूचना लावली का? लावली नव्हती. मी टाळत होतो. आता हे नीट सांगतो, कारण लोक समजतात की मी फार हुशारीनं डाव टाकला. तसं काही नाही. मला ती सूचना लिहायची नव्हती, म्हणून मी शेवडे बाईंना सांगितलं, एखादा जुना मसुदा काढा. त्यांनी दर वर्षीचा बेवारस सायकलींचा मसुदा काढला. मी ‘सायकली’ खोडून ‘दगड’ केलं, ‘वाहनतळ’ खोडून ‘क्रीडांगण’ केलं, आणि डोळे मिटून सही केली. ओळख पटवून घेऊन जावेत, गहाळ झाल्यास जबाबदार नाही, हे सगळं सायकलींचं. शेवडे बाईंनी टाइप करताना लक्षात आणून द्यायचं नाही का? मी नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, “मला वाटलं, तुम्हाला तेच म्हणायचंय.”

कुणीतरी फलकाचा फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो माजी खेळाडूंच्या, तीस वर्षांच्या तीस व्हॉट्सॲप गटांत फिरला.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला कार्यालयाच्या खिडकीशी पहिला माणूस उभा. बँकेत अधिकारी, हातात हेल्मेट. म्हणाला, माझा दगड न्यायला आलोय. शेवडे बाईंच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. त्यांनी नवी नोंदवही उघडली, रकाने आखले आणि विचारलं, “ओळखीची खूण?”

“गोल आहे. थोडा लालसर. वर माझं नाव आहे.”

“नावाचा पुरावा आणलाय?”

त्यानं ओळखपत्र दाखवलं. शिपाई त्याला बांधापाशी घेऊन गेला. अर्ध्या तासानं तो रिकाम्या हातानं परत आला. डोळे लाल होते, धुळीनं असावेत. म्हणाला, असू दे तिथंच. शेवडे बाईंनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : ‘दगड पाहिला. जागेवर ठेवला.’

मग रीघच लागली. पोलीस उपनिरीक्षक असलेली आमची पहिली महिला कर्णधार गणवेशात आली, आणि आपल्या दगडाशेजारी बसून डबा खाऊन गेली. एक रिक्षावाला आला, दोन डॉक्टर आले, एक जण नाशिकहून बायकोला घेऊन आला, कारण तिचा विश्वासच बसत नव्हता. सगळ्यांचा शेरा तोच. फक्त एकानं दगड नेला. तो जर्मनीला चालला होता. विमानतळावर काय झालं ते कळलेलं नाही. पाचव्या दिवशी साहिल आला, वाघोलीच्या झगझगीत जर्सीत. सरांनी फक्त विचारलं, डावा? तो म्हणाला, येतोय सर. मग म्हणाला की तिथं खाली सगळं प्लास्टिकच आहे, एक खडा सापडत नाही, सकाळी हाताला काही कामच नसतं.

सहाव्या दिवशी सरांनी मला बांधाच्या अगदी तळाशी वाकायला लावलं. तिथं मुठीएवढा एक दगड होता, रंग जवळजवळ उडालेला. नाव वाचलं आणि मी ताठ झालो. ते कार्यवाहांचं होतं.

“नऊ दिस आला हुता,” सर म्हणाले. “मग ऱ्हायला घरी. पण पैला दगड चांगला शोधला हुता.”

मी म्हणालो, हा दगड आत्ताच्या आत्ता त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवू या, सगळा प्रश्न मिटेल. सरांनी तो माझ्या हातातून घेतला आणि होता तिथं परत बसवला.

“दगड दाखवून काम काढायचं व्हय, सर? त्याचं त्याला आठवलं तर आठवलं.”

त्यानंतर संस्थेनं केलेला ठराव माझ्यासमोर आहे. ‘क्रीडांगणाच्या पृष्ठभागाचा विषय प्रशासकीय कारणास्तव स्थगित ठेवण्यात येत आहे. श्री. लिपाणे यांची नेमणूक पुढील वर्षासाठी कायम करण्यात येत आहे. उत्तरेकडील दगडांबाबत कोणतीही कारवाई करू नये.’ संघ यंदा जिंकेल की नाही, मला ठाऊक नाही. सर म्हणतात, बघू. पण प्रशासकीय कारण काय होतं, ते मात्र मला ठाऊक आहे, कारण मी तिथं होतो.

आठवा दिवस, सुट्टीचा. शेवटची मुदत म्हणून सकाळीच चाळीस-पन्नास माणसं आली होती. सर नेहमीप्रमाणे सहाला हजर. त्यांनी सगळ्यांकडे एकवार पाहिलं आणि आलाच आहात तर वेचा, म्हणाले. पांढऱ्या रेषेबाहेर बुटांची रांग लागली. ऑफिसचे बूट, पोलिसी बूट, चपला, एक महागडी सँडल. आणि पोटं सुटलेली, केस गेलेली ती सगळी मंडळी ओळीत वाकून चालू लागली. मीही ओळीत होतो. या खेपेस मोजे धड होते.

सात वाजता कार्यवाहांची गाडी आली. बरोबर अकादमीचे तज्ज्ञ, मापाची टेप, हिरव्या गवताचे नमुने. गर्दी पाहून कार्यवाह रेषेपाशी थांबले. काय चाललंय हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. ते नुसते बघत राहिले, त्या ओळीकडे, मग बांधाकडे. वाकलेली माणसं हळूहळू सरळ झाली. तज्ज्ञ मात्र घाईत होते. त्यांचे तपकिरी, चकचकीत बूट रेषा ओलांडून सरळ मातीत आले. एक पाऊल, दोन पावलं.

सगळ्यांनी लिपाणे सरांकडे पाहिलं. सरांनी त्या बुटांकडे पाहिलं. ओठ हलले. आणि तीस वर्षांत पहिल्यांदा ते गप्प राहिले. हातात नुकताच उचललेला एक दगड होता, तो ते अंगठ्यानं पुसत राहिले. नेमणुकीसाठी गप्प बसणारा तो माणूस नव्हता. माझ्या मते त्यांना वाटलं असावं, आता हे वावर सांगायला आपलं राहिलं नाही.

तिसरं पाऊल पडणार, तेवढ्यात आवाज आला. मोठा, खणखणीत, थेट धायरीचा. मला वाटलं, सरच. पण सरांची मान खाली होती. मी वळलो. कार्यवाह रेषेवर एका पायावर उभे होते, दुसऱ्या पायाचा बूट हातात होता, आणि परदेशात शिकलेला, कधी आवाज न चढवणारा तो माणूस आपल्याच तज्ज्ञावर ओरडत होता :

“अवो, बूट काढा. वावर हाय हे.”